पणजोबांच्या लग्नाची नोंद सोलापुरात सापडत नसेल तर आधी पणजीचं माहेर शोधा

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी लिहितो, चुकत असेल तर सांगा. पणजोबा सोलापूरच्या जुन्या गिरणीत कामाला, मूळ गाव उत्तर सोलापूर तालुक्यातलं, लग्न १९२८ ते १९३२ च्या मधे कधीतरी झालेलं. पणजीचं सासरचं नाव सरस्वती, आणि घरात एवढंच सांगतात की ती "मोगलाईतली", म्हणजे निजामाच्या मुलखातली होती. तुम्ही महापालिकेत विचारलं, सब-रजिस्ट्रारकडं विचारलं, गावच्या ग्रामपंचायतीत विचारलं, सगळीकडं "नोंद आढळून येत नाही" असंच उत्तर आलं, आणि आता शेजारचे तालुके एकेक करून पालथे घालायचे का, आणि घालायचे तर सुरुवात कुठून, हे विचारताय. मी सोलापुरातच मोडी वाचनाचं आणि वंशावळी जुळवून द्यायचं काम करतो, असे प्रश्न माझ्याकडं सारखे येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे तुमच्या पणजोबांच्या लग्नाची नोंद हरवलेली नाही हो, ती बहुतेक कधी झालीच नव्हती. त्या काळात हिंदू लग्न सरकारदरबारी नोंदवायची पद्धतच नव्हती. आपल्याकडं लग्न नोंदणीचा मुंबईचा कायदा आला १९५३ चा, हिंदू विवाह कायदा १९५५ चा, आणि ग्रामसेवक, वॉर्ड ऑफिस हे जे आज दिसतं ते १९९८ च्या कायद्यानंतरचं. सोलापूरची नगरपालिका १८५२ पासूनची म्हणून लोकांना वाटतं की एवढी जुनी संस्था आहे म्हणजे सगळं असणार, पण नगरपालिकेच्या जुन्या रजिस्टरात जन्म आणि मृत्यू, लग्न नाही. खेड्यात पण तसंच, गाव नमुना १४ म्हणजे ज्याला कोतवाल बुक म्हणतात ते जन्म-मृत्यूचं आहे. तेव्हा १९३० च्या लग्नाचा दाखला मागायला शेजारच्या तालुक्यातल्या ऑफिसांत गेलात तर तिथला क्लार्क पण हेच उत्तर देणार आणि तुमची रजा फुकट जाणार.

घर कुठल्या समाजाचं आहे यावर मात्र बरंच अवलंबून आहे, आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही. ख्रिश्चन घर असेल तर गोष्ट वेगळी, चर्चचं लग्नाचं रजिस्टर असतं आणि १८७२ च्या कायद्यानं त्याची प्रत वर पाठवायची असायची, म्हणजे एका ठिकाणी नाही मिळालं तर दुसऱ्या ठिकाणी मिळायची शक्यता असते. मुस्लिम घर असेल तर काझीचं निकाह रजिस्टर, निजामाच्या मुलखात त्याला सियाहा म्हणतात. पद्मशाली घर असेल तर शेजारचे तालुके सोडाच, माहेर थेट तेलंगणात निघू शकतं, कारण विणकरांची कितीतरी घरं तिकडूनच सोलापुरात आली. पण सरस्वती, मोगलाई आणि उत्तर सोलापूरचं खेडं यावरून मी मराठा, धनगर, लिंगायत, माळी असं शेती करणारं घर धरून चालतो, तसं नसेल तर पुढचं थोडं बदलून घ्या.

दुसरं अवलंबून आहे ते तुम्हाला हे कशाला पाहिजे यावर. वारसाच्या कामासाठी पाहिजे असेल तर लग्नाच्या दाखल्याच्या मागं लागूच नका, नातं शाबीत करायचं असतं आणि ते जुन्या फेरफारांवरून, म्हणजे जमीन कुणाच्या नावावरून कुणाच्या नावावर गेली त्या नोंदींवरून, आणि वारस नोंदीवरून होतं, त्यासाठी वकील गाठा. वंशावळ पुरी करायची, पणजीकडचं घर शोधायचं, असं असेल तर पुढं वाचा.

माझ्या कामाची रीत अशी आहे की मी लग्न शोधत नाही, माहेर शोधतो. कारण लग्न बहुतेक करून मुलीच्या दारात लागायचं, वऱ्हाड बैलगाडीनं तिकडं जायचं, त्यामुळं त्या लग्नाचा जो काय कागद झाला असेल तो मुलीच्या गावात किंवा मुलीच्या बापाच्या नावावर. नवरदेवाच्या गावात कागद पुढं तयार होतात, पोरं झाल्यावर, जमीन वाटल्यावर, नवरा वारल्यावर. याला अपवाद आहेत, मुलीची परिस्थिती बेताची असली तर मुलीला नवऱ्याच्या गावी आणून लग्न लावायचे, ते पण भरपूर व्हायचं. पण तसं झालं तरी माहेर हे माहेरच राहतं, म्हणून माहेर शोधणं कधी वाया जात नाही.

आता शेजारी म्हणजे कुठलं शेजारी, इथं लोक फसतात. आजचा जिल्ह्याचा नकाशा बाजूला ठेवा आणि १९३० चा नकाशा डोळ्यापुढं आणा. सोलापूर ब्रिटिश मुलखात, मुंबई इलाख्यात. पूर्वेला आणि उत्तरेला निजामाचं राज्य, म्हणजे तुळजापूर, नळदुर्ग, परांडा, आळंद हे सगळं. जुनी माणसं मोगलाई म्हणतात ती हीच, मोगलांशी तिचा काय संबंध नाही. बार्शी ब्रिटिशांची पण तिच्या आजूबाजूला बराचसा निजामाचा मुलूख. आग्नेयेला अक्कलकोट, ते भोसल्यांचं संस्थान. मंगळवेढा आज सोलापूर जिल्ह्यात आहे पण तेव्हा सांगली संस्थानात होतं. विजापूर, इंडी हे मात्र ब्रिटिश, आपल्याच मुंबई इलाख्यातले, १९५६ ला कर्नाटकात गेले. म्हणजे आज ज्या गावाला जायला तुम्हाला राज्य ओलांडावं लागतं ते तेव्हा एकाच इलाख्यात होतं, आणि आज जे पाऊण तासावर वाटतं ते तुळजापूर तेव्हा दुसऱ्या राजाचं होतं. सोयरीक करणाऱ्यांना या हद्दीचं काही पडलेलं नव्हतं, बाजार कुठला, जत्रा कुठली, मामाचं गाव कुठलं यावर सोयरिकी व्हायच्या. कागदपत्रं मात्र हद्दीप्रमाणं वेगवेगळ्या भाषेत आणि वेगवेगळ्या ऑफिसात गेली.

तुमच्या सालाबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगतो. १९२८ ते १९३२ म्हणताय, त्याच्या बरोबर मधे शारदा कायदा येतो. मुलीचं वय १४ आणि मुलाचं १८ पूर्ण पाहिजे असा तो कायदा १ एप्रिल १९३० पासून लागू झाला, आणि लागू झाला तो फक्त ब्रिटिश मुलखात. त्याच्या आधीचे महिने म्हणजे शके १८५१ चे माघ-फाल्गुन, त्या मुहूर्तांवर देशभर लग्नांची एकच घाई झाली होती, लहान लहान पोरांची लग्नं उरकून घेतली. आणि एप्रिलनंतर ज्यांना लहान मुलीचं लग्न करायचं होतं त्यांच्यासाठी संस्थानी मुलूख, निजामाचा मुलूख हाकेच्या अंतरावर होता. पणजीचं पहिलं मूल लग्नानंतर सात-आठ वर्षांनी झालं असेल तर लग्नाच्या वेळी ती लहान होती असं धरायला जागा आहे, आणि मग लग्न सोलापुरात न लागता मोगलाईत लागण्याचा संभव अजून वाढतो. हा माझा अंदाज आहे, पुरावा नाही, पण शोधायची दिशा ठरवायला उपयोगी पडतो. आणखी एक, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला साल विचारू नका, "मार्शल लॉच्या आधी का नंतर" असं विचारा. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला होता, तो ऐन लग्नसराईत, वैशाखात. गिरणीतल्या घरांमधे ही खूण पोरानातवंडांपर्यंत आलेली असते, त्यावरून शोधायची सालं निम्म्यानं कमी होतात.

घरापासून सुरू करा. माळ्यावरची ट्रंक उघडा आणि लग्नपत्रिका न शोधता आहेराची वही शोधा. त्या काळी छापील पत्रिका सगळ्यांच्या घरी नसायच्या पण आहेर कुणी काय केला हे लिहून ठेवायचेच, कारण तो परत फेडायचा असतो. लांबट अरुंद वही असते, दोऱ्यानं शिवलेली, मोडीत किंवा कच्च्या बाळबोधीत म्हणजे देवनागरीत, नावापुढं गाव आणि मग "खण १", "पागोटे १", "रु. १" असं. पणजीच्या लग्नाची वही नाही मिळाली तर आजोबांच्या लग्नाची बघा, कारण आजोबांच्या लग्नात त्यांच्या मामाचा आहेर असणार, आणि आजोबांचा मामा म्हणजे पणजीचा भाऊ. मामाच्या नावापुढचं गाव तेच तुमचं माहेर. एकदा वाचून झालं तरी वहीतली गावं सगळी एका कागदावर उतरवा, जी गावं सारखी येतात आणि तुमच्या भावकीतली नाहीत तिकडं संशय धरा.

मग पहिलं बाळंतपण. ते माहेरी व्हायची रीत, म्हणजे पणजीच्या पहिल्या मुलाचा जन्म सोलापुरात किंवा तुमच्या गावात नोंदलेला नसेल आणि दुसऱ्या, तिसऱ्याचा असेल तर पहिल्याची नोंद तिच्या गावच्या कोतवाल बुकात शोधायची. थोरल्या आजोबांचा शाळेतला जनरल रजिस्टरचा उतारा काढा, त्यात जन्मठिकाण लिहिलेलं असलं तर काम एका दिवसात संपतं. गिरणीत नोकरी केलेल्यांचा पीएफचा कागद असेल तर तोही बघा, तो १९५२ नंतरचा असतो पण नॉमिनी म्हणून बायकोचं नाव पक्कं कळतं.

यानंतर जमिनीचे कागद. मोडीतला जुना कागद वाचताना किंवा कुणाकडून वाचून घेताना तीन-चार शब्दांकडं लक्ष ठेवा. "बिन" म्हणजे अमक्याचा मुलगा, "कोम" किंवा "भ्र." म्हणजे अमक्याची बायको, मुसलमानी नावांत "वलद" आणि "जोजे" येतं. आणि "अ.पा.क." दिसलं की थांबा, अज्ञान पालन कर्ता, म्हणजे बाप वारला तेव्हा पोरं लहान होती आणि त्यांच्या वतीनं आई किंवा दुसरं कुणी उभं आहे. "अज्ञान अमुक, अ.पा.क. आई सरस्वती कोम तमुक" अशी एक ओळ मिळाली की नवरा, बायको, मुलगा तिघं एका जागी बांधले जातात. कधी कधी अ.पा.क. म्हणून मामा उभा असतो, तसं असेल तर तुमचं नशीबच, मामाचं गाव तिथं लिहिलेलं असतं. हे फेरफार तुमच्या गावच्या तलाठ्याकडं किंवा तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये, नकलेचा अर्ज करून मिळतात. पण माहेरच्या गावातला फेरफार यापेक्षा कामाचा. पणजीचा बाप वारल्यावर, किंवा पुढं १९५६ नंतर मुलींना वारसा मिळायला लागल्यावर भावांनी बहिणींकडून हक्कसोड घेतलेलं असतं, आणि त्या हक्कसोडपत्रात बहीण सासरच्या नावानं आणि सासरच्या गावासकट येते. म्हणजे तुम्ही सोलापुरात बसून ज्या बाईला शोधताय ती तिच्या माहेरच्या कागदात तुमच्याच आडनावानं बसलेली असते.

आता एक असा कागद सांगतो जो कुणी बघत नाही, गहाणखत. लग्न म्हटलं की कर्ज आलं, आणि आपल्याकडं १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा होता, पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांसाठी केलेला, सावकारांविरुद्धच्या दंग्यांनंतर. त्यानं शेतकऱ्याचे कर्जाचे कागद रजिस्टर करायची शिस्त लागली, त्यामुळं सोलापूरच्या ब्रिटिश गावांतले गहाणाचे कागद बऱ्यापैकी सापडतात. त्यात रक्कम कशाला घेतली ते लिहिलेलं असतं, "मुलीचे लग्नखर्चाकरिता" किंवा "चिरंजीवाचे लग्नाकरिता". मोहोळकडच्या एका घराचं काम करताना असंच एक गहाणखत हातात आलं होतं, मुलीच्या बापाचं. चार एकर जिराईत गहाण, कारण म्हणून लग्नखर्च, तारीख फाल्गुनातली, आणि खाली साक्षीदारात एकाचं गाव वेगळं, बाकी सगळे त्याच गावचे. तो वेगळा माणूस नवरदेवाचा चुलता निघाला. लग्नाचा कागद नाही, पण लग्न कुठल्या दोन घरांत, कुठल्या सालात, साधारण कुठल्या महिन्यात, एवढं सगळं त्या एका पानावर होतं. तुमच्या बाबतीत पणजोबांच्या वडलांच्या नावानं असं काही आहे का ते उत्तर सोलापूरच्या रजिस्टर झालेल्या कागदांच्या जुन्या इंडेक्समध्ये बघा, १९२८ ते ३२ एवढीच पाच सालं बघायची आहेत, अवघड नाही.

देवाधर्माच्या वह्या हा माझा आवडता भाग, आणि त्या हद्द मानत नाहीत. पंढरपूरला तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या गाव आणि आडनाव लावून ठेवलेल्या असतात, कोण कधी आलं, बरोबर कोण, बाप-आजा कोण. मोगलाईतली माणसं पण वारीला पंढरपूरलाच यायची, तेव्हा दोन्ही घरांची नावं एकाच गावात मिळू शकतात. नवं जोडपं देवाला जायचं, म्हणून लग्नानंतरची पहिली "सपत्नीक" नोंद महत्त्वाची, लग्न तिच्या आधीचं एवढं नक्की होतं. तुळजापूरला भोपे, पाळीकर, उपाध्ये असे पुजाऱ्यांचे वेगवेगळे गट आहेत, तुमच्या घराचा पुजारी कुठला ते आधी घरात विचारून जा नाहीतर नुसतेच फिरत बसाल. आणि त्र्यंबक, नाशिक, काशी, गया इथं कुणी श्राद्धाला गेलं असेल तर तिथली वही सोडू नका. तीर्थश्राद्धात बापाकडच्या तीन पिढ्यांबरोबर आईच्या बापाकडच्या पण तीन पिढ्यांची नावं घ्यायची असतात. म्हणजे तुमचे आजोबा किंवा त्यांचे भाऊ गयेला जाऊन आले असतील तर त्यांचा मातामह, म्हणजे पणजीचा बाप, त्याचं नाव तिथं सांगावंच लागलं असणार, आणि उपाध्यायानं ते लिहून ठेवलं असेल तर तुमचं काम झालंच.

लिंगायत, धनगर, मराठा घर असेल तर हेळव्याला विसरू नका. सुगीनंतर बैल घेऊन येतात, दारात उभं राहून तुमच्या घराण्याच्या पिढ्या कानडी-मराठीत म्हणून दाखवतात, धान्य, कपडे घेऊन जातात. आपली पोरं त्यांना भिकारी समजून हाकलतात, आणि मग वंशावळीसाठी त्यांनाच शोधत फिरतात. मुली कुठं दिल्या, सुना कुठून आणल्या हे काही हेळव्यांच्या वहीत असतं, काहींच्या नसतं. तुमच्या गावाचा हेळवी कोण हे गावातल्या जुन्या घरातून कळेल, फोटो काढायच्या आधी विचारा, आणि त्याची जी बिदागी असेल ती द्या, घासाघीस करू नका.

माहेर मोगलाईत निघालं की तिकडच्या कागदांची तयारी वेगळी. सरकारी कारभार उर्दूत, साल फसली. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन साधारण येतं, म्हणजे १३३९ फसली म्हणजे १९२९-३० च्या आसपास, महिन्यांचा फरक राहतो तेवढा धरून चाला. शके असेल तर ७८ मिळवा. गावपातळीवरचं बरंचसं लिखाण मोडी-मराठीत मिळतं, त्यामुळं उर्दूला घाबरून मागं फिरू नका. मराठवाड्यात १९५४ च्या आसपासचं खासरा पत्रक हा जमिनीचा चांगला पाया आहे, त्यात पणजीच्या बापाचं किंवा भावांचं नाव दिसलं की तिथून पुढं हक्कसोडाकडं या. आळंदकडं किंवा अक्कलकोटच्या दक्षिणेला गाव निघालं तर कानडी वाचणारं कुणी बरोबर घ्या. त्या बाजूला सोलापूरचे लोक घरात कानडी आणि कागदावर मराठी असे दोन्हीकडं असतात, आडनाव पण दोन प्रकारे लिहिलेलं सापडतं.

एक सावधगिरी. सरस्वती हे सासरचं नाव आहे असं तुम्हीच लिहिलंय. ताटातल्या तांदळात अंगठीनं नवऱ्यानं जे नाव लिहिलं ते सासरच्या कागदात, आणि माहेरच्या १९३० च्या आधीच्या कागदात ती बाई दुसऱ्याच नावानं असणार. म्हणून माहेरच्या गावात "सरस्वती" शोधून नाही मिळाली म्हणून गाव खोडू नका, आणि उलट, एखादी सरस्वती मिळाली म्हणून नाचू पण नका, त्या नावाच्या बाया गल्लोगल्ली होत्या. मी दोन वेगळ्या प्रकारचे कागद जुळल्याशिवाय नातं धरत नाही. एक सरकारी आणि एक घरचा किंवा देवाचा. फेरफारात मामाचं जे नाव आहे तेच आहेराच्या वहीत त्याच गावासकट असेल तर धरा. दोन्ही नोंदी एकाच माणसाच्या सांगण्यावरून झालेल्या असतील तर तो एकच पुरावा झाला, दोन नाहीत.

थोडक्यात तुमच्यासाठी क्रम असा लावा: आधी ट्रंक आणि म्हातारी माणसं, मग थोरल्या आजोबांचा शाळेचा उतारा, मग उत्तर सोलापूरचे फेरफार आणि १९२८ ते ३२ चा इंडेक्स, मग पंढरपूर-तुळजापूर. यातून गावाचं नाव किंवा निदान दोन-तीन गावं हातात आली की मगच हद्दीपलीकडच्या तहसीलला जा. गावाचं नाव नसताना तुळजापूरच्या रेकॉर्ड रूमला जाण्यात अर्थ नाही, तिथं रेकॉर्ड गाववार लावलेलं असतं, आडनावावरून कुणी काढून देत नाही.

पुढं लिहाल तेव्हा एवढं सांगा: समाज आणि कुळदैवत कुठलं, पणजीच्या सगळ्या मुलांची नावं आणि अंदाजे जन्मसालं, आणि आजोबांच्या मामाबद्दल घरात काही बोललं जातं का, मेलेल्या मामाची शेती, मामाचं आडनाव, मामाकडची जत्रा, काहीही. वही किंवा कागद मोडीत निघाला तर खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात सरळ वरून फोटो काढा, फ्लॅश मारू नका, पान चिकटलेलं असेल तर सोडवत बसू नका, आणि लॅमिनेशन तर अजिबात करू नका, नंतर त्या कागदाला काहीच करता येत नाही.